मोटारतळावरची पाठराखीण

"आम्ही म्हंजे कोण? आँ? आम्ही म्हंजे कोण रं?"

वडगावच्या त्या बोळात विणकर असा ओरडत होता की दोन्ही अंगांच्या घरांतले माग एकदम थांबले. वडगावात माग थांबणं ही साधी गोष्ट नव्हे. तिथं पोर जन्मतं ते धोट्याच्या खटखटीत आणि म्हातारं डोळे मिटतं तेही त्याच खटखटीत. आवाज बंद पडला की झोपलेली माणसं दचकून उठतात. त्या सकाळी सगळी आळी दचकली आणि दारादारांत येऊन उभी राहिली. मी हातात केळ्यांची फणी घेऊन उंबऱ्यावर होतो. पुढं जावं की मागं फिरावं, ते कळत नव्हतं.

"नवरीचं लुगडं हाय हे! ह्यात काळी रेघ कुणी घातली, विचारायलोय मी. आणि हा सांगतोय, आम्ही! कुठल्या संस्थानचा राजा लागून गेलास रं?"

ज्याला हे विचारलं जात होतं तो मागाच्या खड्ड्यातून पाय वर काढून उभा राहिला होता. अठरा नुकतीच उलटलेली, अंगानं काडी, उंचीनं ताड, आणि कान असे की वारा सुटला तर गड्यानं तोंड फिरवून चालावं. हात दोन्ही मांड्यांना चिकटवलेले, नजर समोर. अनाथ मुलांच्या आश्रमात रांगेत उभं राहायची ती रीत. घाबरलेला दिसत नव्हता. त्यानं पुन्हा तेच सांगितलं.

"आम्हीच."

विणकरानं दाराकडं बोट केलं. "उचल तुझी वळकटी."

वळकटी उचलून तो जाणार कुठं, हे त्या अख्ख्या गर्दीत दोघांनाच ठाऊक होतं. एक त्याला आणि एक मला. कुठंही नाही. ते तसं का, हे सांगायचं तर मला तुम्हाला थोडं मागं, मोटारतळावर न्यावं लागेल. तिकीट लागणार नाही.

मी त्या काळी बेळगावच्या मोटारतळावर एजंट होतो. एजंट म्हणजे ओरडणारा. "निपाणी, निपाणी, संकेश्वर, निपाणी!" अशी हाक मी मारली की काकतीच्या शिवारातले बैल माना वर करत, आणि नंदगडला कुणी निपाणीला जायचा विचार मनात आणला असेल तर तो आपोआप पिशवी भरायला लागे. लढाईचे दिवस होते. पेट्रोल औषधालाही मिळत नव्हतं, म्हणून मोटारीच्या पाठीला लोखंडी पिंप बसवून कोळशाच्या धुरावर त्या चालवत. ड्रायव्हर कोळसा पेटवी, क्लीनर पंखा फिरवी आणि उतारू देवाचं नाव घेत. तिन्ही गोष्टी एका वेळी जमल्या तर मोटार हाले. वंटमुरीच्या चढाला सगळ्यांनी उतरून ढकलायचं. एकदा एका वऱ्हाडानं, मुहूर्त टळायला नको म्हणून, अशी ढकलली की मोटार एकटीच पुढं संकेश्वरला जाऊन थांबली आणि वऱ्हाड मागनं चालत आलं. ड्रायव्हर म्हणतो की ती संकेश्वरपर्यंत गेली नव्हती, अलीकडच्या ओढ्यापर्यंतच गेली होती. त्या माणसाला गोष्ट सांगायची अक्कल कधी आलीच नाही.

तर अशा एका दुपारी माझ्या हाकेला न भिता एक बाई थेट माझ्यापुढं येऊन उभी राहिली. काटकुळी, नऊवारी लुगडं, पायात पुरुषी वहाणा. अनाथ मुलांच्या आश्रमाची ती व्यवस्था बघायची. गावात तिला सगळे आक्का म्हणत, तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे वकीलसुद्धा.

"निपाणी?" मी विचारलं.

"न्हाय. तुमचा आवाज मोठा हाय, असं ऐकलं."

"ऐकलं म्हंजे? आत्ता मारलेली हाक पोचली न्हाय?"

"पोचली. म्हणून तर आले. मला पाठराखीण पायजे."

मी मागं वळून बघितलं. मागं क्लीनर होता, त्याला नुकती मिसरूड फुटत होती.

आक्कानं तिथंच, कोळशाच्या पोत्यावर बसून, मला समजावलं. लेक सासरी निघाली की आपण तिला एकटी धाडत नाही. सोबत पाठराखीण जाते. चार दिवस राहते, नव्या घरात चूल कुठं, पाणी कुठं, कुणाला काय म्हणायचं, कुणापाशी जपून बोलायचं, हे नवरीला दाखवते. नवरी लाजून गप्प बसली तर तिच्या वतीनं बोलते. नवरी रुळली की पाठराखीण आपल्या घरी परत. "माझी पोरं अठरा वर्षांची झाली की दाराबाहेर जातात," आक्का म्हणाली. "ती पण नव्या घरीच जातात की. त्यांच्याबरोबर कोण जातंय?"

"पण आक्का, पाठराखीण बाई असते."

"मला मिशा चालतात."

या बाईपुढं बेळगावातले भलेभले हरलेले होते, मी कोण? सांजेपर्यंत बातमी बाजारभर झाली. चहाच्या दुकानात शिरलो तर गल्ल्यावरचा उठून उभा. "या, या, पाठराखीणबाई! पाट मांडू का? आधी चहा घेता, का ओटी भरू?" क्लीनर पोरानं तर पदर घेतल्यासारखं फडकं डोक्यावर घेऊन माझ्या पाया पडून घेतलं. पुढं कित्येक वर्षं संकेश्वरच्या थांब्यावर अनोळखी माणसंसुद्धा मला "बाई आल्या का?" असं विचारत. मी कशाला रागावू? बाजारात नाव व्हायला लोक काय काय करतात, मला ते फुकट मिळालं.

आक्काच्या आश्रमात मी आधी एकदाच गेलो होतो, हरवलेलं पोर पोचवायला. चाळीसएक पोरं एका ओसरीत झोपलेली. अंधारात कुणीतरी खोकलं, आणि आक्का पलीकडच्या खोलीतनं, न उठता म्हणाली, "उशी उंच घे रं, दम लागतोय तुला." खोकल्यावरून पोर ओळखणारी बाई मी दुसरी बघितली नाही. अशा बाईचा एकच नियम कडक होता. अठरा झाली, दाराबाहेर पडला, की त्याची खाट दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला. परत येणं नाही. निर्दयपणा नव्हता तो. दारात लहान पोरं ताटकळलेली असत. लढाई, महागाई, ताप, कशानं ना कशानं ती रोज येत. खाट मोकळी राहायला वेळच नव्हता.

आश्रमातले बहुतेक गडी पलटणीत भरती होत. तिथं पण रांग, घंटा आणि ताट. त्यांना फारसा फरक कळत नसे. माझ्या वाट्याला आलेला मात्र छातीच्या मापात नापास झाला. त्यानं फुगवून फुगवून बघितली, पण टेप इंग्रजी होती, ती ऐकेना. म्हणून आक्कानं वडगावचा एक विणकर गाठला. त्याचा धाकटा भाऊ पलटणीत गेला होता आणि घरातला एक माग मोकळा पडला होता. विणकर माणूस सरळ, पण तोंडाचा तिखट. त्यानं आधीच सांगून टाकलं, "दसऱ्यापर्यंत बघतो. जमलं तर राहील. न्हाय जमलं तर पाठराखीणबाईंनी आपली नवरी परत न्यायची."

परत कुठं न्यायची? खाट तर तो निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी एका तीन वर्षांच्या पोराला गेली होती, आणि ते पोर तिच्यावर आडवं झोपून सगळी खाट वापरत होतं.

राहायला जायच्या आदल्या दिवशी मी गड्याला घर दाखवायला घेऊन गेलो. विणकराची बायको गोकाककडची, माहेरची भाषा कानडी, मराठी बोलायची ती मोजूनमापून, एकेक शब्द पारखून. निघताना ह्यानं तिला नम्रपणे सांगितलं, "आम्ही उद्या जेवायलाच येतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पोचलो तर तिनं आमच्या मागं बोळात डोकावून बघितलं. पुन्हा बघितलं. मग आईच्याच भाषेत ओरडली, "एष्टु मंदी?" किती माणसं? तिला माहीत होतं की आश्रमात ढीगभर पोरं असतात. 'आम्ही' येतो म्हणाला, म्हणजे आणणार असेल दहा-बारा. बिचारी पहाटेपासून भाकरी थापत होती. चुलीशेजारी ज्वारीच्या भाकरींची अशी उतरंड रचली होती की मांजर तिच्यावर चढून आढ्याला पोचलं असतं.

"आम्ही म्हंजे मीच एकटा," असं तो म्हणाला असता तर भागलं असतं. पण तो म्हणाला, "आम्ही आलो की."

मग जे झालं ते बघायला तुम्ही हवे होता. तिनं वाढलं, त्यानं खाल्लं. तिनं परत वाढलं, त्यानं परत खाल्लं. आश्रमात 'बास' म्हणायची पद्धत नव्हती. वाढणारा ठरवायचा, आणि ताटात पडलेलं टाकायचं नाही. इकडं तिच्या माहेरची रीत अशी की पाहुणा बास म्हणेपर्यंत वाढणारीनं हात थांबवायचा नाही. दोघंही आपापल्या संस्काराला चिकटून बसले. मी भाकरी मोजत होतो. अकरा झाल्या. माझी बायको म्हणते, तुम्ही घरी आलात तेव्हा सात सांगितल्या होत्या. भाकरी पोटात गेल्यावर वाढतात, हे तिला कोण सांगणार?

शेवटी कोपऱ्यातनं हसू आलं. विणकराचे वडील, आप्पा, भिंतीला टेकून बसले होते. पांढऱ्या मिशा, बोटं सुईसारखी. "अगं, त्याला बास म्हणायला शिकवलंच नसंल कुणी," ते म्हणाले, आणि त्यांनी गड्याच्या ताटावर आडवा धरायला हात पुढं केला. तो आधी तांब्यावर पडला, मग मिठावर, आणि मग ताटावर. मला वाटलं म्हातारा गंमत करतोय. मी हसलो. गडी हसला नाही. तो त्या हाताकडं बघत राहिला.

'आम्ही'चं कोडं मी आक्कालाच विचारलं. ती म्हणाली, "माझ्या आधी हितं एक मास्तर हुते. काय फुटलं, सांडलं, की छडी घेऊन विचारायचे, कुणी केलं? एकानं मी म्हटलं की त्याची पाठ सोलायची. मग पोरांनीच तोड काढली. कुणी विचारलं की सगळी रांग उभी राहायची आणि एका सुरात सांगायची, आम्ही. मारा आता किती मारताय ते. चाळीस पाठी, एक हात. मास्तरांचा हात दुखायला लागायचा." ती उठली, दिव्यात तेल घातलं. "मी आल्या दिवशी छडी चुलीत घातली. छडी गेली. आम्ही काय गेलं न्हाय."

मी पाठराखीण. नवरीला 'मी' म्हणायला शिकवणं माझ्या खात्यात आलं, असं मी ठरवलं. दर रविवारी मी वडगावला जाऊ लागलो. तो मला मामा म्हणायचा. न्हाव्याकडं नेला. न्हाव्यानं विचारलं, "कसं कापू?" तर म्हणतो, "सगळ्यांचं कापता तसं." चहाच्या दुकानात बसवून म्हटलं, "तुझं तू माग." तो म्हणाला, "आम्हाला चहा द्या," आणि पोऱ्यानं चार कप आणून ठेवले. तीन मला प्यावे लागले. अशा शिक्षणात माझं पित्त वाढलं. पण 'मी' काही बाहेर येईना. 'घर' हा शब्दही मी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. 'हितं' म्हणजे वडगाव आणि 'तिकडं' म्हणजे आश्रम, एवढ्यावर त्याचं जग भागत होतं.

कामाला मात्र गडी वाघ निघाला. विणकराचं लुगडं संपलं की जुन्या उभ्या धाग्यांची टोकं मागावरच ठेवतात आणि नव्या लुगड्याचे धागे त्यांना एकेक करून पिळून जोडतात. बोटाला चुलीतली राख लावायची, दोन टोकं एकमेकांवर ठेवायची, चिमटीत एक पीळ, झालं. असे शेकडो धागे. आप्पा त्यात उस्ताद. लोक म्हणत की त्यांनी एकदा तुटलेलं कोळ्याचं जाळं जोडून दिलं आणि कोळी दोन दिवस आभार मानत हिंडत होता. मी म्हणत नाही, लोक म्हणत. मी जाईन तेव्हा हा आणि आप्पा गुडघ्याला गुडघा लावून मागापाशी बसलेले असत. हा झुबक्यातनं धागा काढून त्यांच्या चिमटीत द्यायचा, हळूच काहीतरी म्हणायचा, आणि आप्पा पीळ द्यायचे. मला वाटायचं, गुरू शिकवतोय, शिष्य शिकतोय.

दसरा दोन आठवड्यांवर आला तेव्हा मी ठरवलं, वडगावात हा 'मी' म्हणायचा नाही. हवापालट हवा. निपाणीला नेऊ.

"आज नगो, मामा," तो म्हणाला. "आम्हाला आप्पांबरोबर काम हाय. नवरीचं लुगडं चढवायचंय."

"आप्पा तुझ्या जन्माआधीपासनं धागे जोडतायत. एक दिवस तुझ्याविना जोडतील."

त्यानं आप्पांकडं बघितलं. आप्पा म्हणाले, "जा रं. बघून ये जग." विणकर सुताच्या खेपेसाठी परगावी गेला होता, बायको माहेरी होती. आम्ही निघालो.

निपाणीत उतरलो की मोटारभर माणसं एका वेळी शिंकतात, तंबाखूच्या वासानं. त्या दिवशी अशी शिंकली की पिंपातला विस्तव आपोआप फुलला. एका मोठ्या वखारीच्या दारात एक जैन व्यापारी उभे होते, अंगात पांढरा सदरा, बोलणं निम्मं कानडी निम्मं मराठी. त्यांनी गड्याला विचारलं, "कोण पायजे, अण्णा?"

गडी ताठ उभा राहून म्हणाला, "आम्हाला कुणी नको. आम्ही नुसतं बघायला आलोय."

व्यापाऱ्यांनी त्याची उंची बघितली, ताठ मान बघितली, 'आम्ही' ऐकलं, आणि चटकन हात जोडले. कुठल्या तरी इनामदाराचे चिरंजीव तंबाखूचं पीक बघत हिंडतायत, असं त्यांना वाटलं. आत नेऊन गादीवर बसवलं, सरबत दिलं, केळ्यांची फणी दिली. मला त्यांनी कारभारी समजून दारात उभं केलं. मी लगेच कमरेत वाकलो. सरबत चांगलं होतं, मला पण अर्धा पेला मिळाला.

परतताना वंटमुरीपाशी गडी म्हणाला, "मामा, ते आम्हाला काय समजले?"

"राजा."

त्यानं त्यावर बराच विचार केला. आणि या सगळ्या विचारात केळी मोटारीतच विसरला. तीच घेऊन मी दुसऱ्या दिवशी सकाळी वडगावला गेलो आणि उंबऱ्यावर उभा राहिलो, जिथं मी तुम्हाला सोडलं होतं.

झालं होतं ते असं. विणकर रात्री परतला, पहाटे मागावर बसला. जांभळ्या अंगाचं, तांबड्या काठाचं लुगडं, चिकोडीकडच्या एका नवरीसाठी. खड्ड्यातल्या अंधारात वीतभर विणून झाल्यावर उजाडलं, त्यानं दार उघडलं, आणि जांभळ्या अंगातनं उभी काळी रेघ चमकली. नवरीच्या अंगावर काळी रेघ! जोडताना शेजारच्या काळ्या झुबक्यातले धागे जांभळ्यात गेले होते. धागे जोडायचं काम या गड्याचं आणि आप्पांचं. आप्पांच्या हातून चूक? विणकराच्या मनातसुद्धा आलं नाही. मग उरला एकच.

आणि तो एकच काल दिवसभर माझ्याबरोबर निपाणीत इनामदार होऊन सरबत पीत होता!

एका वाक्याचं काम होतं. पाठराखीण कशाला असते? नवरी गप्प बसली तर तिच्या वतीनं बोलायला. मी फणी खाली ठेवली, छाती भरून घेतली. काकतीच्या बैलांनी माना वर केल्याच असतील. तेवढ्यात गड्यानं माझ्याकडं बघितलं. मान हलवली म्हणावी तर हलवलीही नाही. फक्त नजर माझ्यावरनं काढून कोपऱ्याकडं नेली.

कोपऱ्यात, मागाला लागून, आप्पा गुडघ्यांवर बसले होते. मागावरच्या वादग्रस्त लुगड्याची विणलेली वीत मांडीवर ओढून ते तिच्यावरनं बोट फिरवत होते. रेघेवरनं बोट गेलं, पुढं गेलं, परत आलं, परत रेघेवरनं गेलं. थांबलं नाही. त्यांना ती रेघ सापडत नव्हती.

तांब्या, मीठ आणि मग ताट. मला आत्ता कळलं. ह्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

बेळगावच्या मोटारतळाचा आवाज त्या दिवशी वडगावात बंद पडला. माझ्या आयुष्यात मी गप्प बसलो अशी ती एवढी एकच वेळ, आणि खरं सांगतो, निपाणीची मोटार एकट्यानं वंटमुरी चढवणं त्यापेक्षा हलकं गेलं असतं. गड्यानं वाकून वळकटी गुंडाळायला घेतली. सुतळी दोनदा गुंडाळली. तिसरा वेढा घेताना वळकटीवर एक हात येऊन पडला. या वेळी तो सुतळीच्या आवाजानं नेमका आला.

"खरं सांगतोय तो," आप्पा म्हणाले. "आम्ही."

"आप्पा, तुम्ही मधी पडू नगा."

"मधी कुठं? मी पयला हाय. आम्ही म्हंजे तो आणि मी. हा रंग सांगतोय, मी जोडतोय. जांभळा आप्पा, जांभळा, आता तांबडा. काल हा न्हवता. मला वाटलं, बघू जमतंय का."

विणकराचा दाराकडं रोखलेला हात खाली यायला वेळ लागला. "कवापास्नं?"

"गेल्या पावसाळ्यापास्नं. धाकटा सांगायचा. तो पलटणीत गेला, मग हा आला. ह्याला मी काय बोललो न्हवतो. हा आपणहून शेजारी येऊन बसला."

"आणि मला कुणीच सांगितलं न्हाय?"

"तू मागावरनं उठीवला असतास मला," म्हातारा म्हणाला. "उठून मी करू काय?"

बोळातली माणसं एकेक करून आत गेली. जरा वेळानं एक माग सुरू झाला, मग दुसरा.

विणकर मागाच्या कडेला बसला. लुगड्याची ती वीत त्यानं आप्पांच्या मांडीवरनं हलकेच काढून घेतली. मग गड्याकडं बघून खेकसला, "उभा काय ऱ्हायलास? सोड ती सुतळी. हे सगळं उसवायचं हाय. आप्पा, सरका हिकडं, उजेडात." आणि मग माझ्याकडं वळला. "आणि तुम्ही वो? पाठराखीण म्हणून मिरवता बाजारभर! गडी बाहेर निघाला तरी तोंडातनं एक शब्द आला न्हाय तुमच्या!"

मी एक केळं सोलून खाल्लं.

मी पलटणीतले शूर बघितलेत, भाषणं ठोकणारे बघितलेत, गांधीटोपी घालून लाठी खाणारेही बघितलेत आणि त्यांना हात जोडलेत. पण ज्याला परत जायला खाट नाही, तो पोरगा दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी शांतपणे सुतळीचे वेढे घेत होता, तेवढा ताठ उभा माणूस मी नंतर बघितला नाही. आणि तुम्हाला माझी सवय ठाऊक आहे. हे वाक्य मी फुगवलेलं नाही.

दसऱ्याच्या दिवशी नवा कोट घालून मी निकाल ऐकायला गेलो. मागांना झेंडूच्या माळा होत्या, धोट्यांना हळदकुंकू. विणकराची बायको वाढत होती, आणि गड्यानं तिसऱ्या भाकरीला ताटावर हात आडवा धरला, ते बघून मी पाठराखीण म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. आप्पा मागापाशी बसले होते, त्यांच्या शेजारी बसायला गड्याची मळकी चटई कायमची अंथरलेली.

"मग काय ठरलं?" मी विणकराला विचारलं.

"कशाचं?"

"दसऱ्याचं. ठेवायचं का न्यायचं."

त्यानं मला सोनं म्हणून आपट्याची पानं दिली आणि म्हणाला, "जेवून घ्या, एजंट. उगं डोकं खाऊ नगा."

जेवलो. निघताना मागाकडं गेलो. गडी बोटाला राख लावून बसला होता. झुबक्यातला एक धागा काढून त्यानं आप्पांच्या चिमटीत दिला. "तांबडा," तो म्हणाला.

"बरं, निघतो," मी म्हटलं. "येत्या रविवारी येतो."

त्यानं वर बघितलं नाही. पुढचा धागा शोधत म्हणाला, "रविवारी नगा येऊ, मामा. मी घरी नसतोय."